पडदा काढा, मग पोरांचे फोटो काढा

१९८८ ते २०१६ अशी अठ्ठावीस वर्षं मी कराडात फोटो स्टुडिओ चालवला. लहान मुलांचे किती फोटो काढले याचा हिशेब नाही, पण पद्धत एकच. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि दोन हंस. पुढे स्टूल. माझ्या एका हातात खुळखुळा, दुसऱ्यात केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याचं बटण लांबून दाबायची तार. "हिकडं बघ, हिकडं बघ" म्हणायचं आणि पोरानं मान वळवली की दाबायचं. रोल छत्तीसचा. एका पोराला तीन फ्रेम, चौथी लागली तर ती आपल्या पदरची.

ज्या बाळाला बसता यायचं नाही त्याला आई पडद्याच्या कडेनं हात घालून धरायची. प्रिंट काढताना तो हात आम्ही कापून टाकायचो. गिऱ्हाइकालाही तेच हवं असायचं.

स्टुडिओ बंद झाल्यावर एकदा पस्तिशीचा एक माणूस घरी आला. त्याच्या लहानपणीच्या फोटोची निगेटिव्ह मिळेल का, म्हणाला. निगेटिव्ह मी ट्रंकेत वर्षवार ठेवल्यात, तासाभरात सापडली. त्यानं ती ट्यूबलाइटसमोर धरली. स्वतःचा चेहरा त्यानं पाहिलाही नाही. कोपऱ्यात कोपरापासून पुढचा हात होता, तो बघत राहिला. "चार बांगड्या आहेत," एवढंच बोलला. त्याला मी कडेपासून कडेपर्यंत, न कापता प्रिंट काढून दिली.

आता घरात सहा वर्षांची नात आणि अडीच वर्षांचा नातू आहे. सुनेच्या मैत्रिणी विचारतात, "आबा, आमच्या पोरांचे फोटो असे का येत नाहीत?" म्हणून हे लिहायला घेतलं. अठ्ठावीस वर्षं जे कापून टाकलं ते आता फोटोत राहू देतो, यापलीकडे माझ्याकडे फारसं गुपित नाही. बाकी सगळं त्यासाठी लागणारं कामचलाऊ ज्ञान आहे.

आधी उजेड

ट्यूब बंद करा आणि घरात सकाळी कुठल्या खिडकीतून उजेड येतो ते दोन दिवस नुसतं बघा. आमच्याकडे स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, आठ ते साडेनऊ तिथं दुधासारखा उजेड असतो. पोराला तिथं उभं करायला जाऊ नका, ते लगेच ताठ होतं. त्यापेक्षा काम तिथं नेऊन ठेवा. मटाराची परात खिडकीखाली ठेवली की नात आपोआप येऊन बसते. उन्हाची तिरीप थेट तोंडावर पडत असेल तर परात हातभर बाजूला सरकवा, फरशीवरून उसळलेला उजेड चेहऱ्याला पुरतो.

रात्री ट्यूबखालीच काढायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, पण शटर, म्हणजे उजेड आत घेणारी झडप, फार कमी वेळ उघडी ठेवली तर फोटोत काळे पट्टे येतात. स्वस्तातल्या एलईडीचंही तेच. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात, आणि अशा वेळी झोपलेलं किंवा जेवणारं पोर टिपावं, पळणारं नाही. फ्लॅश मात्र नको. मी तो आयुष्यभर वापरला, म्हणूनच सांगतो.

मग गुडघे

उभ्यानं काढलेल्या फोटोत पोराचं डोकं मोठं आणि पाय काडीएवढे दिसतात. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. रांगणारं असेल तर पोटावर झोपा. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून मी पाटावर बसतो आणि मोबाइल उलटा धरतो, म्हणजे लेन्सची बाजू खाली. लेन्स फरशीपासून चार बोटांवर येते, वाकावं लागत नाही. नातू चमच्यानं वरणभात अंगावर सांडत होता तेव्हाचा फोटो असाच काढलाय. त्यात ताटाची कड आहे, त्याची हनुवटी आहे आणि मागे पुसणं घेऊन येणारे आजीचे पाय आहेत.

हाक मारू नका. "चीज" तर नकोच. पोरांना कॅमेरा दिसला की ती दोन बोटं दाखवून उभी राहतात. माझी युक्ती अशी, की तो दोन बोटांचा फोटो आधी काढायचा, दाखवायचा, वा वा म्हणायचं. नातीचं समाधान झालं की ती पुन्हा मटाराकडे वळते आणि तुम्ही तिथंच बसून राहायचं. पहिली दहा मिनिटं वाया जातात. जाऊ द्यात.

शटरचे आकडे हवे असतील तर हे माझे: बसलेल्या पोराला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, पळणाऱ्याला १/५००, पाण्यात उडी मारणाऱ्याला १/१०००. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही टिपायची कॅमेऱ्याची ताकद, १६०० किंवा ३२०० पर्यंत गेला तरी घाबरू नका. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला चेहरा चालत नाही. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक मी एफ ४ किंवा ५.६ ठेवतो; आकडा लहान तितकं भोक मोठं. एफ १.८ वर एक डोळा धारदार येतो आणि कान धुक्यात जातो.

मोबाइलमधला पोर्ट्रेट मोड हा माझाच तळ्याहंसांचा पडदा आहे, फक्त कापड नवीन. मागचं सगळं पुसून टाकतो, वर केसांच्या कडा आणि हातातलं भिरभिरंही अर्धं खातो. स्वयंपाकघरातला डबा, भिंतीवरची पेन्सिलनं मोजलेली उंची, दोरीवरचे कपडे, हे आज पसारा वाटतात. ते घर बदललं की मागे उरणार नाहीत.

बोरन्हाणाचा एक धडा

बोरन्हाणाचे फोटो का फसतात हे मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. मुलाच्या अंगात काळं झबलं, वर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने. कॅमेरा तो काळा रंग बघतो, त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो सगळंच उजळवतो. मग हलवा नुसता पांढरा गोळा होतो, गालही पिठासारखे दिसतात. मोबाइलवर पोराच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस तिथं अडकतो, आणि शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, वजा दोन तृतीयांशावर ठेवा. पडद्यावर फोटो जरा काळपट वाटला तरी हलव्याचे काटे दिसायला लागतील, तीच खूण.

जागा महत्त्वाची. सगळे मोठे सोफ्यासमोर मोबाइल उगारून उभे असतात, तुम्ही पोरांच्या घोळक्यात जमिनीवर बसा. डोक्यावर माप ओतायला आत्यानं हात उचलला की शटर दाबून धरा, सलग दहा-पंधरा फ्रेम जाऊ द्यात. दिवसा खिडकीजवळ असाल तर १/५०० वर चुरमुरे हवेत थांबतात. ओतून झालं की मोठी माणसं उठतात, तुम्ही मात्र उठू नका. खरी मजा नंतरच असते. गेल्या संक्रांतीला माझा नातू खुर्चीखाली शिरला होता, दोन्ही गालांत एकेक बोर आणि मुठीत उसाचं करवं. त्याच्या मागे आठ-दहा जणांचे पाय आणि साड्यांचे काठ. कुठला काठ कुणाचा, हे घरातल्या बायका तो फोटो बघून अजून सांगतात.

एसटीतून समुद्राकडे

आमची सहल म्हणजे कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून गुहागर. एसटीत पोराला खिडकीशी बसवा आणि तुम्ही पुढच्या बाकावरून मागे वळा. खिडकीचा उजेड अर्ध्या चेहऱ्यावर येतो, उरलेला अर्धा सावलीत. असा उजेड स्टुडिओत पाडायला मला दोन दिवे आणि एक छत्री लागायची. खिडकीचे गज फोटोत येऊ द्यात. गाडी हादरते, म्हणून १/५०० च्या खाली जाऊ नका. कुंभार्लीत नातीला उलटी झाली. तेव्हा कॅमेरा खाली ठेवला, तेवढं कळतं. पण नंतर ती आवळासुपारी चघळत, केस कपाळाला चिकटलेले, रागानं घाटाकडे बघत बसली होती, तेव्हा एक काढला. सून म्हणाली, "आबा, हा कशाला?" आता तोच तिच्या मोबाइलवर पडद्याला आहे.

कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी समुद्र मागे घेऊन पोराचा फोटो काढलात की सूर्य लेन्समध्ये आणि पोर काळं. मुद्दाम सावली हवी असेल तर ठीक, तेव्हा पोराचे हातपाय अंगापासून सुटे दिसतील अशी वेळ पकडा. नाहीतर फिरा. तुम्ही घोटाभर पाण्यात उभे राहा, पाठ समुद्राकडे. पोर लाटेकडे धावत तुमच्याकडेच येतं, सूर्य त्याच्या तोंडावर आणि मागे सुरूचं बन. ओली वाळू खालून उजेड परत फेकते, त्यामुळे डोळ्यांखाली सावली पडत नाही. क्षितिजाची रेघ मात्र डोक्यातून आरपार जाऊ देऊ नका. दुपारी बाराला सुरूच्या सावलीतही फोटो काढू नका, गालावर कवडशांचे पांढरे डाग पडतात. तेव्हा घराच्या पडवीत बसा.

वाळूत लेन्स बदलायची नाही. काच आधी फुंकायची, मग सुती कपड्यानं पुसायची, शर्टाच्या टोकानं तर कधीच नाही. एसीच्या गाडीतून बाहेर आल्यावर काचेवर बाष्प बसतं. पुसत बसू नका, दहा मिनिटांत आपोआप जातं.

आणि दिवसातून एकदा तरी मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या. आमच्याकडे सगळे फोटो सून काढते, त्यामुळे चार सहलींत ती कुठंच नव्हती. आता मी तिला कापत नाही, बोलावून आत घेतो.

दुसऱ्यांची मुलं

वाटेत हेळवाकजवळ चहाच्या टपरीवर एक मुलगा टायर फिरवत होता. आधी त्याच्या आईला विचारलं, मग त्याला. काढून झाल्यावर दोघांना दाखवला. प्रिंट आणून देतो म्हणालो आणि पुढच्या फेरीत दिली. देणार नसाल तर बोलू नका, कारण पोरं वाट बघतात.

घरच्या फोटोंचंही तसंच. आंघोळीचे फोटो स्टेटसला नाहीत. शाळेचा बिल्ला दिसणारेही नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नीट दर्जात जावा म्हणून फोटो डॉक्युमेंट करून पाठवला, तर फोटोत नोंदलेला घराचा ठावठिकाणाही सोबत जातो. नातीला मी विचारतो. पुढचा दात पडलेला एक फोटो तिनं नाकारला, तो फक्त अल्बममध्ये आहे.

शेवटचं काम

त्याच रात्री डिलीट करत बसू नका. आठवडाभर थांबा. पहिल्या दिवशी हललेला म्हणून नकोसा वाटलेला फोटो आठव्या दिवशी सोडवत नाही. मग तीनशेंतून वीस निवडा आणि चार बाय सहाच्या प्रिंट काढा, कडा न कापता. मागे लिहायला बॉलपेन नको, दाबलेलं पुढे उमटतं. सीडीवर लिहायचं बारीक मार्कर घ्या आणि शाई वाळेपर्यंत प्रिंट एकमेकींवर ठेवू नका. तारीख, गाव आणि फोटोत अर्धवट दिसणारी माणसं लिहा. वरणभाताच्या फोटोमागे मी लिहिलंय: "कराड. पाय आजीचे."