मोबाईलवर चित्रं काढताय? या चुका टाळा

दिवाळीनंतर आमच्या यवतमाळकडच्या घरात एक खोली छतापर्यंत कापसाने भरते. उरलेल्या एका खोलीत पाच माणसं. तिथे रंगाच्या वाट्या मांडून बसलं की कोणीतरी पाय देऊन जातंच. म्हणून मी मोबाईलकडे वळलो, आणि चुकाही तिथूनच सुरू झाल्या.

सर्वांत महागातली चूक म्हणजे हात बसायच्या आधीच पेन टॅबलेट, म्हणजे पेनाने रेघा ओढायची कॉम्प्युटरची पाटी, मागवणं. इबिस पेंट हे चित्रं काढायचं ॲप मोबाईलवर फुकट मिळतं. जाहिराती येतात, येऊ द्या. महिनाभर बोटानेच काढा. रेघ थरथरत असेल तर ब्रशच्या सेटिंगमधला स्टॅबिलायझर, म्हणजे रेघ स्थिर करणारा पर्याय, वाढवा. रबरी टोकाच्या स्वस्त पेनाकडून फार अपेक्षा नको. मोबाईलला ते पेन म्हणजे बोटच. दाब कळत नाही, आणि तळवा टेकला की तिथेही रेघ. तळव्याखाली कापडाची जाड घडी ठेवा. मे महिन्यात घामासाठीही तीच कामी येते.

पुढे दोन-तीन हजारांचा, बिनस्क्रीनचा टॅबलेट घेतला आणि जुन्या कॉम्प्युटरला जोडला. पहिल्याच दिवशी बैलगाडीचं चाक काढलं, तर अंडं! हात बिघडला असं वाटून दोन दिवस नुसते गोल गिरवले. मग टॅबलेटवर चहाची बशी उपडी ठेवून तिच्या कडेने पेन फिरवलं. तरी पडद्यावर अंडंच. म्हणजे दोष हाताचा नव्हताच. टॅबलेटची लांबी-रुंदी आणि पडद्याची लांबी-रुंदी यांचं प्रमाण जुळत नव्हतं. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅबलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टॅबलेटवरचा कामाचा भाग पडद्याच्या प्रमाणात करून घेतला आणि चाक गोल झालं. नवीन टॅबलेट आला की आधी बशी फिरवा, चित्र नंतर.

दाब दिला तरी रेघ जाड होत नसेल तर टॅबलेट परत पाठवायची घाई नको. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. विंडोजवर त्याच्या टॅबलेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक असे, पेनाचा दाब ओळखायचे, दोन पर्याय असतात. एकाने जमलं नाही तर दुसरा लावा. आणि कंट्रोल-एस दाबून चित्र सेव्ह करायची सवय लावून घ्या. लाईट सांगून जात नाही.

कच्चं रेखाटन आणि रंग एकाच लेअरवर, म्हणजे चित्राच्या एकाच थरावर, नको, एवढं सांगून पुढे जातो.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, पोस्टर केलं होतं. मोबाईलवर पोपटी रंग कसा लखलखत होता! छापून आला तो शेवाळासारखा. पडदा उजेडाने रंग दाखवतो, छपाई शाईने. तितका झगझगीत हिरवा शाईला जमत नाही. शिवाय चित्राचे चौकोन-चौकोन दिसत होते, कारण कॅनव्हास, म्हणजे ॲपमधला कोरा कागद, लहान घेतला होता. ए-फोर छापायचं तर सुरुवातीलाच 2480 बाय 3508 पिक्सेल घ्या. मोबाईल साधा असेल तर एवढ्या आकाराला लेअर कमी मिळतात, तेवढ्यात भागवा. आणि तालुक्याच्या दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. माझा पोस्टरमधला लाकडी बैल फोटो म्हणून गेला होता. छापून आला तेव्हा त्याच्या गळ्यातली घुंगरं मोजता येत नव्हती.