परदेशी राहताना दोन देशांत विखुरलेली आपली माहिती कशी सांभाळावी

म्युनिकला आल्यावर पहिले सहा आठवडे मी घर शोधत होतो. जाहिरात दिसली की लगेच ईमेल करायचो आणि सोबत पासपोर्ट, व्हिसाचं पान, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा असं सगळं जोडून द्यायचो. वीसेक घरमालकांना असं पाठवलं असेल. त्यातल्या तिघांना मी प्रत्यक्ष भेटलो. बाकीचे कोण होते आणि माझ्या पासपोर्टची प्रत आज कुणाच्या संगणकात आहे, हे मला कधीच कळणार नाही. ही गोष्ट मनाला लागली आणि तिथून मी एकेक दार बंद करायला लागलो. जे केलं, ते त्याच क्रमानं इथे लिहितो. इकडची उदाहरणं जर्मनीची आहेत, कारण मी इथे राहतो. भारताकडची बाजू मात्र दुबई, सिडनी, न्यू जर्सी कुठेही असलात तरी लागू पडेल.

सर्वात आधी भारतातला मोबाइल नंबर

आधार, एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांचं भारतातलं बँक खातं), म्युच्युअल फंड, आयकर, सगळ्यांचा ओटीपी भारतातल्या एकाच नंबरावर येतो. तो नंबर गेला तर बाकीची खबरदारी फोल आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार ९० दिवस काहीच वापर नसलेला प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, आणि बंद झालेला नंबर काही काळानं दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. माझ्या एका मित्राचं असंच झालं. रिचार्ज करायचा राहिला आणि वर्षभरानं त्या नंबरावर एक अनोळखी गृहस्थ बोलू लागले. बँकेकडे मात्र अजून तोच नंबर होता.

म्हणून रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये घाला, पंधरा दिवस आधीच्या आठवणीसह. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. परदेशात मेसेज येण्याला सहसा पैसे पडत नाहीत. सिम स्वतःजवळ, दोन सिमच्या फोनमध्ये ठेवा आणि त्याला सिम पिन लावा. फोनला कुलूप असलं तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो, आणि पिन नसेल तर तुमचे ओटीपी त्याला दिसू लागतात. सुरुवातीचा पिन कंपनीकडून विचारून घ्या. अंदाजानं आकडे घालू नका, तीनदा चुकलं की सिम अडकतं.

आता एक सवय, जी बहुतेक घरांत असते. सिम आईच्या जुन्या फोनमध्ये राहतं आणि आपण इकडून फोन करतो, “आई, एक मेसेज आलाय बघ, त्यातला आकडा सांग.” मीही दोन वर्षं हेच करत होतो. यातून आपण आईला काय शिकवतो, याचा विचार केला तेव्हा अंगावर काटा आला. फोन आला, घाईचा आवाज ऐकला, की आकडा वाचून दाखवायचा. नेमकी हीच सवय भामट्याला हवी असते. तेव्हा सिम आपल्याकडे घ्या आणि आईला स्पष्ट सांगा, की यापुढे मी स्वतः फोन करून ओटीपी मागितला तरी द्यायचा नाही.

नंबर बदलायची वेळ आलीच, तर आधी बँक आणि आधारकडचा बदला, मग सिम सोडा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सहा आकडी टू-स्टेप पिनही घाला. मग नुसता ओटीपी हाती लागून कुणाला तुमचं खातं उघडता येत नाही.

आधार आणि पॅन

नंबर हाताशी आहे तोवर मायआधारच्या संकेतस्थळावर किंवा आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर जाऊन बायोमेट्रिक लॉक करा. परदेशात असताना आपला अंगठा भारतात कुठे उमटायचं कारणच नाही. काही राज्यांत नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सेवेतून खाती रिकामी केल्याची प्रकरणं उघडकीला आली आहेत. गावाकडची जमीन किंवा पुण्यातला फ्लॅट यांच्या दस्तांवर आपलेही ठसे असतातच. सुट्टीवर गेल्यावर गरज पडली तर लॉक तात्पुरतं उघडता येतं. तिथेच गेल्या ६ महिन्यांत तुमचं आधार कुठे पडताळलं गेलं, तेही दिसतं. तुम्ही इकडे असतानाच्या तारखेला अंगठ्यानं पडताळणी झालेली दिसली, तर त्याच दिवशी बँकेला कळवा.

भाडेकरार, गॅस, सोसायटी अशा कामांना आधारची प्रत मागितली तर मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आपल्या पॅनवर दुसऱ्या कुणी कर्ज काढलेलं नाही ना, हे पाहायला स्वतःचा कर्ज-अहवाल मागवा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांना वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. मी जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे चौघांकडून आळीपाळीनं मागवतो, म्हणजे वर्षभर नजर राहते. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत तेही पाहता येतं.

लग्नाचा बायोडाटा

हे वाचून काहींना नवल वाटेल, पण मराठी घरातून बाहेर पडणारा सर्वात धोकादायक कागद मला हाच वाटतो. पूर्ण नाव वडिलांच्या नावासह, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, मामांचं कूळ, पुण्याचा पत्ता, परदेशातलं शहर, कंपनी, पगार, दोन फोन नंबर आणि फोटो. हे सगळं एका पानावर असतं, आणि ते पान वधूवरांच्या ग्रुपांतून अशा लोकांपर्यंत जातं, ज्यांना आपण ओळखतही नाही. लग्न होऊन मुलं झाली तरी ते फिरतच राहतं.

आता यातल्या दोनच ओळी घ्या. मामांचं कूळ म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, जे कित्येक बँका ओळख पटवायला विचारत आल्या आहेत. आणि ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड असतो इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष. म्हणजे बायोडाटा ज्याच्याकडे आहे, त्याच्या हाती तुमची आधारची फाइल लागली तर ती कुलूप नसल्यासारखीच आहे. बऱ्याच बँकांच्या उताऱ्यांचे पासवर्डही जन्मतारखेवरच बेतलेले असतात.

यावर उपाय म्हणजे दोन बायोडाटे करा. पहिला सगळीकडे जाईल असा, त्यात पहिलं नाव, वय, शिक्षण, कामाचं क्षेत्र, देश आणि एक ईमेल, तोही फक्त याच कामासाठी उघडलेला. दुसरा पूर्ण, जो दोन्ही घरांचं फोनवर बोलणं झाल्यावरच पाठवायचा. पत्रिका जुळवणाऱ्यांना जन्मवेळ लागते हे खरं, पण त्यासाठी पत्ता आणि पगार लागत नाही. आई-बाबांना हे एकदा बसून समजवावं लागतं. माझ्या आईला पहिल्यांदा वाईट वाटलं. “आपण काही लपवतोय असं वाटेल लोकांना,” म्हणाली. मी तिला विचारलं, “आपण दागिन्यांच्या डब्याचा फोटो ग्रुपवर टाकतो का?” मग तिनं स्वतःच जुना बायोडाटा ग्रुपमधून काढायला सांगितला.

जर्मनीत माहिती देताना

युरोपात २५ मे २०१८ पासून माहिती-संरक्षणाचा जो कायदा लागू आहे, जीडीपीआर, तो फक्त इथल्या नागरिकांसाठी आहे अशी आपल्या अनेक लोकांची समजूत असते. ती चुकीची आहे. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असा, विद्यार्थी असा, तुमच्या माहितीवर तुमचा तेवढाच हक्क आहे.

घर शोधताना टप्पा सांभाळा. घर पाहायला जाताना नाव आणि संपर्क पुरतो. घर आवडलं आणि तुम्ही तसं कळवलंत, की नोकरी आणि उत्पन्नाबद्दल विचारणं रास्त आहे. पगाराच्या पावत्या आणि शुफा या पत तपासणाऱ्या कंपनीचा पतदाखला करार व्हायच्या बेतात असेल तेव्हाच द्या. धर्म किंवा वंश विचारण्याचा अधिकार घरमालकाला नाही. पासपोर्ट भेटीत दाखवा, पाठवू नका. पाठवावाच लागला तर प्रतीवर आडवं लिहा की ही प्रत अमुक पत्त्याच्या घरासाठी, अमुक तारखेला दिली, आणि पासपोर्टचा नंबर झाका. बँकेच्या उताऱ्यात पगाराची ओळ सोडून बाकी सगळं काळं करा. घर न दाखवता अनामत आणि पासपोर्ट मागणारी जाहिरात फसवी समजा आणि पुढे बोलूच नका. म्युनिकसारख्या शहरात घरासाठी इतकी रेटारेटी असते की नाही म्हणायला भीती वाटते. मलाही वाटली. पण मला ज्या घरमालकांनी शेवटी घर दिलं, त्यांनी माझ्याकडून आधी फक्त एक कागद मागितला होता.

घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. तिथे धर्म विचारतात तो चर्चच्या करासाठी. हा कर काही धर्मसंघांच्या सदस्यांकडूनच घेतात, बायर्न (म्युनिकचं राज्य) आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यांत आयकराच्या ८ टक्के आणि इतरत्र ९ टक्के. तुम्ही अशा कुठल्या संघाचे सदस्य नसाल तर तसंच लिहा. त्याच खिडकीवर युबरमिटलुंग्सश्पेर मागा. राजकीय पक्षांना आणि पत्त्यांच्या पुस्तिका छापणाऱ्यांना तुमची माहिती देऊ नये, असा तो अर्ज आहे. कारण सांगावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. मागितला नाही तर कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र त्यानं थांबत नाही. तुमची नेमकी ओळख सांगू शकणारा कुणीही शुल्क भरून नोंदणी कार्यालयातून तुमचा पत्ता मिळवू शकतो. घरातल्या छळातून बाहेर पडलेली एखादी मैत्रीण तुमच्या ओळखीत असेल तर तिला हे अवश्य सांगा. जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तर आउसकुन्फ्टस्श्पेर नावाची वेगळी बंदी मिळते. तिच्यासाठी पोलिसांकडची नोंद किंवा समुपदेशन केंद्राचं पत्र सोबत न्यावं.

दिलेली माहिती परत कशी मागावी

शुफाचा घरमालकाला द्यायचा दाखला विकत मिळतो, पण तुमच्याबद्दल त्यांच्याकडे काय लिहिलं आहे, त्याची प्रत जीडीपीआरच्या कलम १५ खाली फुकट मिळते. तिला डाटेनकोपी म्हणतात. संकेतस्थळावर तिचा दुवा सहज डोळ्यांत भरत नाही, शोधावा लागतो. नोकरी लागल्यावर एकदा आणि मग वर्षातून एकदा मागवा. जुना पत्ता किंवा दुसऱ्याच कुणाची थकबाकी आपल्या नावावर निघू शकते, आणि आपल्या नावांचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी होतं, त्यामुळे हा घोळ सहज होतो.

हेच कलम कुठल्याही कंपनीला लागू आहे. चार ओळींचं ईमेल पुरतं. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, कुठून आली, कुणाला दिली हे कलम १५ प्रमाणे कळवा, आणि गरज संपली असल्यास कलम १७ प्रमाणे पुसा. उत्तराला एक महिना असतो. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर ते आणखी दोन महिने मागू शकतात, पण तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. उत्तर आलंच नाही तर राज्याच्या माहिती-संरक्षण कार्यालयाकडे तक्रार करा. बायर्नमधल्या खासगी कंपन्यांसाठी ते आन्सबाख शहरात आहे. तक्रार फुकट आहे आणि वकील लागत नाही.

मी त्या वीस घरमालकांना असंच लिहिलं. अकरा जणांची उत्तरं आली, बहुतेकांनी पुसलं म्हणून कळवलं. नऊ ईमेल परत आले किंवा उत्तरच आलं नाही. मग मी तो पासपोर्ट उघडा पडला असं धरूनच चालतो. त्याची प्रत ओळख म्हणून पुरेल अशा ठिकाणी दुसरा पुरावाही जोडून ठेवला आहे.

भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत, त्यामुळे आज तिकडे कलम १५ सारखा धाक दाखवता येत नाही. म्हणून तिकडे माहिती आधीच कमी द्यायची.

आई-बाबांसोबत एक रविवार

आपण परदेशात आहोत ही बातमीच घरच्यांना सावज बनवते. “तुमच्या मुलाला पोलिसांनी धरलंय,” “त्याच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ निघालेत,” असे फोन येतात. व्हिडिओवर खाकी कपडे दिसतात. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कायद्यातच नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. वर्तमानपत्रात वाचलेलं ऐन वेळी आठवत नाही.

घरापुरता एक प्रश्न ठरवा, ज्याचं उत्तर कुठल्याही कागदावर नाही. आमच्या गावच्या वाड्यामागच्या विहिरीला आजी एका खास नावानं हाक मारायची. माझ्या नावानं पैशासाठी फोन आला, आवाज माझाच वाटला, तरी बाबा आधी विहिरीचं नाव विचारतात. गेल्या गणपतीत मी घाईत नव्या नंबरावरून फोन केला, तेव्हा त्यांनी मलाही विचारलं आणि मी सांगेपर्यंत पुढे बोलले नाहीत.

घराला कुलूप असेल तर “यंदा आम्ही मुलाकडे तीन महिने” हे सोसायटीच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. फोटो परत आल्यावर टाकता येतात. पैसे गेलेच तर पहिल्या तासातच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावायचा. परदेशातून तो लागेलच असं नाही, म्हणून हा आकडा आई-बाबांच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावा, शेजाऱ्यांच्या आणि तुमच्या नंबरासोबत.