उन्हाळ्यात वजन धरत नाही म्हणून ‘ग्रोथ’ची बाटली आणू नका

नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ अंशांच्या घरात. कामठी, हिंगणा, उमरेडकडच्या शेडमध्ये भर दुपारी ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबड्या, चोच उघडून धापा टाकतात, खाद्याकडे फिरकत नाहीत, आणि दोन किलोचा हिशेब चुकतो. नेमका याच दिवसांत कोणीतरी बिनलेबलची बाटली घेऊन शेडवर येतो. ‘हार्मोन आहे, आठ दिवसांत फरक दिसेल,’ म्हणतो. त्याला दारातूनच परत पाठवा.

वाढीचे हार्मोन हे प्रथिन असते. पाण्यातून पाजले तर ते खाद्यातल्या सोयाबीनसारखेच पचून जाते. गुण यायचा तर एकेका पक्ष्याला पुन्हा पुन्हा सुई टोचावी लागेल. दोन हजारांच्या बॅचला हे कोण करणार? आजचा ब्रॉयलर झपाट्याने वाढतो तो पिढ्यानपिढ्यांच्या निवड पैदाशीमुळे आणि संतुलित खाद्यामुळे. मग बाटलीत काय असेल, हा खरा प्रश्न आहे.

कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे मादीच्या हार्मोनची नक्कल, असेल तर ते पचून नाहीसे होत नाही. अमेरिकेत पूर्वी नर कोंबड्यांच्या मानेत डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल या अशाच इस्ट्रोजेनची गोळी बसवत. त्या कोंबड्यांची मुंडकी खाणाऱ्या मिंक प्राण्यांची पैदास बिघडली. १९५९ मध्ये तिथे कोंबड्यांमधला हा वापर थांबवला. पुढे १९७१ मध्ये, गरोदरपणी हेच औषध घेतलेल्या स्त्रियांच्या मुलींमध्ये योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग आढळला.

डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असेल तर पक्ष्याची प्रतिकारशक्ती दबते, रानीखेत-गंबोरो या रोगांची लस हवी तशी लागू पडत नाही आणि मर वाढते. प्रतिजैविक असेल तर मला जास्तच काळजी वाटते. त्याचा अंश मांसात उतरतो, जंतू निर्ढावतात आणि उद्या आपल्याच घरातल्या आजाऱ्याला औषध लागू होत नाही. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवलेले औषध. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याच्या वापरावर २०१९ पासून आपल्याकडे बंदी आहे.

वाढ अडते ती उन्हाने, तेव्हा इलाज उन्हावरच करा. पत्र्यावर चुना मारा, वर तणस किंवा पऱ्हाट्या पसरून दुपारी पाणी शिंपडा. पश्चिमेच्या बाजूला ओले गोणपाट लावा, पण हवा कोंडू देऊ नका. खाद्य पहाटे आणि सायंकाळनंतर द्या, सकाळी दहानंतर भांडी वर उचला. पाण्याची टाकी आणि पाइप सावलीत घ्या. पाणी कोमट झाले की पक्षी ते पीत नाही, सगळे बिघडायला तिथूनच सुरुवात होते. इलेक्ट्रोलाइट आणि जीवनसत्त्व क सकाळच्या पाण्यातून द्या. एरवी पक्ष्याला एक चौरस फूट जागा देत असाल तर या बॅचला पिल्ले दहा टक्के कमी टाका.

एवढे करूनही वजन मागे राहिले तर मेलेला ताजा पक्षी घेऊन पशुवैद्यकाकडे किंवा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जा. औषध दिलेच तर पक्षी विकायला किती दिवस थांबायचे ते तिथेच विचारून शेडच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा.