क्लायंट लायब्ररीला लायसन्स लावताना या चुका टाळा

मालवणात बसून मी होमस्टे बुकिंगच्या सेवेसाठी एक क्लायंट लायब्ररी लिहिली. खोल्या, तारखा, आगाऊ रक्कम हे सगळं सर्व्हर सांभाळतो. लायब्ररी म्हणजे त्याच्याशी बोलणारा छोटा कोड, जो दुसऱ्याने आपल्या प्रोग्राममध्ये घ्यायचा. सर्व्हरला एजीपीएल हे लायसन्स (म्हणजे कोड वापरण्याच्या अटी) होतं, तेच लायब्ररीलाही चिकटवून मोकळा झालो. आठवड्याभरात रत्नागिरीहून एका हॉटेल-बिलिंगवाल्याचा फोन.

"दादा, तुमची लायब्ररी घेतली तर आमचं बिलिंगपण उघडं करायचं का?"

"छे हो, तसा माझा हेतू नाही."

"हेतूचं राहू दे. लायसन्स काय म्हणतं?"

त्याची भीती खरी होती. जीपीएल किंवा त्याचा कडक भाऊ एजीपीएल, यांचा कोड मिसळलेला प्रोग्राम गिऱ्हाइकाला दिला, की सगळ्या प्रोग्रामचा सोर्स (मूळ कोड) त्याच अटींवर द्यावा लागतो. नुसता स्वतःच्या ऑफिसात वापरला तर जीपीएल आड येत नाही. पण हा माणूस हॉटेलांना सॉफ्टवेअर विकतो.

पहिली चूक हीच: सर्व्हरचं लायसन्स डोळे मिटून क्लायंटला लावणं. ही ठेच मोठ्यांनाही लागली आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसने ४.० आवृत्तीपासून क्लायंट लायब्ररी एलजीपीएल या सौम्य लायसन्सवरून जीपीएलवर नेली. वेबसाइटसाठीच्या पीएचपी भाषेचं लायसन्स जीपीएलशी जुळत नव्हतं, त्यामुळे पीएचपी ५ सोबत ती लायब्ररी येईनाशी झाली. शेवटी २००४ मध्ये मायएसक्यूएलला ओपन सोर्स प्रकल्पांसाठी खास सवलत द्यावी लागली. मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसने मात्र सर्व्हर एजीपीएलमध्ये असतानाही ड्रायव्हर (म्हणजे त्याच्या क्लायंट लायब्ररी) अपाचे २.० या मोकळ्या लायसन्समध्ये ठेवले. २०१८ मध्ये सर्व्हर एसएसपीएल या आणखी कडक लायसन्सवर गेला, तरी ड्रायव्हरना हात लावला नाही.

मग लावायचं काय? एमआयटी हे मोकळं लायसन्स आटोपशीर आहे, पण त्यात पेटंटचा उल्लेखच नाही. २००४ च्या अपाचे २.० मध्ये पेटंटची परवानगी स्पष्ट लिहिलेली आहे, म्हणून मी तेच घेतलं. एक मेख आहे: ते जीपीएल ३ शी जुळतं, फक्त जीपीएल २ वर अडलेल्या प्रकल्पाशी नाही. एलजीपीएल कागदावर मधला मार्ग वाटतो, पण गो भाषेत सगळं एकाच बायनरीत (तयार प्रोग्रामच्या फाइलीत) जातं आणि वापरणाऱ्याला लायब्ररी बदलून पुन्हा जोडता आली पाहिजे ही अट निभावताना घाम फुटतो. लायब्ररीतल्या सुधारणा परत हव्याच असतील तर एमपीएल २.० बघा, त्याची अट फाइलीपुरती असते.

बदल करायला गेलो आणि दुसरी चूक समोर आली. कोड माझ्या एकट्याचा नव्हता. तिघांनी भर घातली होती आणि लायसन्स बदलायला प्रत्येकाची संमती लागते. दोघे लगेच हो म्हणाले. तिसरा देवगडचा, पुन्हा पुन्हा विनंती पाठवण्याचा चाळीसेक ओळींचा कोड त्याचा. आणि तो बोटीवर. चार महिन्यांनी उत्तर आलं: "व्हय दादा, करूचा ता करा." गोड आहे, पण कोणतं लायसन्स ते त्यात कुठे आहे? पुन्हा मेल, नीट एका वाक्यात लिहून घेतलं. डीसीओची, म्हणजे कोड देताना करायच्या घोषणेची, सही असली तरी इथे उपयोग नसतो. आहे त्या लायसन्सखाली कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे, एवढंच ती सांगते. पुढे लायसन्स बदलण्याची मुभा हवी असेल तर सुरुवातीलाच वेगळा करार घ्या.

नोकरीत असाल तर आधी नेमणुकीचा करार काढून वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ नुसार, वेगळं ठरलेलं नसेल तर नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा. जे आपलं नाही त्याला लायसन्स कसलं लावणार?

बारीकसारीक चुका पटकन सांगतो. लायसन्सची फाइलच नसेल तर गिटहबवर सगळ्यांना दिसणारा कोडही ओपन सोर्स नसतो. रीडमीत एमआयटी आणि पॅकेज फाइलमध्ये एनपीएम या साधनाने आपोआप घातलेलं आयएससी हे वेगळंच लायसन्स, म्हणजे पेटीवर देवगड हापूस आणि आत भलताच आंबा. क्रिएटिव्ह कॉमन्स कोडला लावू नका, ते तयार करणारेच नको म्हणतात. आणि लायसन्सच्या नमुन्यातले नाव-वर्षाचे चौकोनी कंस भरा. माझ्या फाइलीत सहा महिने कॉपीराइटचा धनी 'फुलनेम' नावाचा कोणीतरी होता.

रत्नागिरीकराने परवा नवी आवृत्ती घेतली. लगेच फोन: "दादा, ही नोटीस फाइल कुठे लावायची?" म्हटलं, त्यातला श्रेयाचा मजकूर 'ॲपविषयी' पानावर, अपाचे लायसन्सच्या मजकुरासोबत.