वायरिंगची सुरुवात पुराच्या रेघेपासून

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं, ते आमच्या तळमजल्यावर साडेसहा फुटांपर्यंत चढलं. ओसरल्यावर भिंतीवर तपकिरी रेघ राहिली. घरातली डीबी (सगळ्या लाइनींचे खटके असलेली मुख्य पेटी), इन्व्हर्टर, सगळे बोर्ड त्या रेघेच्या खाली. वायरमनने एक बोर्ड उघडून वायर ओढली, तर आधी गाळ बाहेर आला. पाइपच गाळाने भरले होते. पुढे ते घर उतरवून त्याच जागेवर नवं बांधलं, तेव्हा वायरिंग कसं ठरवलं ते सांगते.

आधी डीबीची जागा. मीटर बाहेर, वाचता येईल असाच लागतो, पण डीबी आपल्या हातात असते. आमची पहिल्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी आहे आणि इन्व्हर्टर तिच्या शेजारी. तळमजल्याच्या सगळ्या वायरी वरच्या स्लॅबमधून खाली उतरतात, फरशीखालून एकही पाइप नाही. तळमजल्याला ३० मिलिअँपिअरचा वेगळा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद पडणारा खटका, दिलाय. तो फेजबरोबर न्यूट्रलही, म्हणजे विजेची परतीची तारही, तोडतो. पाणी अंगणात आलं की वरूनच तो पाडायचा, ओल्या बोर्डाला हात लावायला कुणी खाली जायचं नाही. आणि हे वायरमनला बजावून सांगा: इन्व्हर्टरची लाइन खाली नेली असेल तर तिलाही वर वेगळा खटका हवा. नाहीतर मेन बंद केल्यावरही खालच्या बोर्डात इन्व्हर्टरची वीज राहते. आम्ही ती खाली नेलीच नाही. इन्व्हर्टरचं न्यूट्रलसुद्धा वेगळं ओढा, दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळलं की आरसीसीबी सारखा पडत राहतो.

तळमजल्याचे प्लग साडेचार फुटांवर घेतले. मोठ्या पुरात तेही बुडतील, पण गुडघाभर, कंबरभर पाण्यात वाचतील. दिसायला बरं नाही असं घरात दोघांनी सांगितलं, मी ऐकलं नाही.

स्लॅबची सळई बांधून झाल्यापासून काँक्रीट पडेपर्यंत जेमतेम एक-दोन दिवस मिळतात. छतातले पाइप, पंख्यांचे बॉक्स, खाली उतरणारी तोंडं सगळं त्यातच बसवायचं. वायर नंतर बदलता येते, स्लॅबमधला पाइप नाही. म्हणून २५ मिलिमीटरचा जाड पाइप घ्या आणि एकदोन रिकामे पाइप जास्तीचे टाका. काँक्रीटच्या दिवशी मी स्वतः वर उभी होते. घमेलं घेऊन जाणाऱ्याचा पाय पडून एक सांधा निसटला. वायरमन म्हणाला, "वहिनी, बरं झालं बघितलंत. आत माल गेला असता तर हा पाइप मेलाच होता." सगळी तोंडं कागदाचे बोळे कोंबून, चिकटपट्टी लावून बंद केली होती, तीही पुन्हा तपासली.

भिंती उभ्या राहिल्या की खडू घेऊन रिकाम्या घरात फिरा. पलंग कुठे, दार कुठल्या बाजूला उघडतं, मिक्सर कुठे, देवघरात दिवा कुठे. आईंना, म्हणजे सासूबाईंना, मी जिथे पलंग येणार तिथे खुर्चीवर बसवलं आणि हात नेऊन दाखवायला सांगितला. बटण तिथेच आलं. जिन्याला आणि झोपायच्या खोलीत दोन ठिकाणांहून चालणारं बटण हवं असेल तर आत्ताच सांगा, त्याला जास्तीची वायर लागते. आमच्या भिंती जांभ्याच्या. झिऱ्या, म्हणजे पाइप बसवायच्या भिंतीतल्या खाचा, कटरने मारून घेतल्या, नुसत्या छिन्नीने चिऱ्याचे टवके उडतात.

वायरींचं थोडक्यात: दिवे-पंख्यांना १.५, मोठ्या प्लगला २.५, गीझर आणि एसीला प्रत्येकी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर. अर्थिंगची वायर प्रत्येक बोर्डापर्यंत आलीच पाहिजे. काम परवानाधारकाकडूनच करून घ्या, जोडणीसाठी त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

इंटरनेटचा विचार मात्र बरेच जण रंग झाल्यावर करतात. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे वायफाय दमतो. आमचा मुलगा घरून काम करतो, म्हणून त्याची खोली, टीव्हीची जागा आणि वरचा व्हरांडा अशा तीन ठिकाणी कॅट ६, म्हणजे इंटरनेटची वायर नेली. तिन्ही वायरी सलग, मध्ये जोड न देता, डीबीजवळच्या एका छोट्या कपाटात येतात. राउटर तिथेच, आणि त्याचा प्लग इन्व्हर्टरवर. या वायरीला पाइप वेगळाच हवा, विजेच्या पाइपपासून फूटभर लांब. कोपऱ्यावर काटकोनी एल्बो नको, गोल बेंड हवा. खांबावरून येणाऱ्या फायबरसाठी बाहेरच्या भिंतीतून त्या कपाटापर्यंत रिकामा पाइप सोडा, आत नायलॉनची दोरी घालून. बाहेरचं तोंड खाली वळलेलं ठेवा, नाहीतर कोकणातला पाऊस त्याच वाटेने कपाटात येईल. गच्चीवरून डीबीपर्यंत असाच एक पाइप सोलरसाठी सोडलाय.

प्लास्टरच्या आदल्या दिवशी भिंतीला मोजायची टेप लावून प्रत्येक झिरीचा फोटो काढा. खिळा ठोकायच्या आधी मी अजून ते फोटो उघडते. डीबीच्या दाराला आतून कुठला एमसीबी (एकेका लाइनचा खटका) कशाचा याची यादी चिकटवलीय, आईंना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. तळमजल्याच्या खटक्यापुढे लाल ठिपका आहे.