असेंद्रिय घोकायचं, भौतिक सोडवायचं?

रसायनशास्त्राला नव्याने लागलेल्या मुलांना शिकवताना एक वाटणी हमखास दिसते. असेंद्रिय म्हणजे पाठांतर आणि भौतिक म्हणजे सूत्रात आकडे घालणं. मला ही वाटणीच मुळात नडते असं वाटतं.

भौतिक रसायनात बहुतेकांची गाडी अडते ती एककांवर, कठीण गणितावर नव्हे. बर्फ वितळताना एन्थाल्पी (स्थिर दाबाखाली शोषलेल्या उष्णतेचा हिशेब) मोलमागे ६.०१ किलोज्यूलने वाढते, तर एन्ट्रॉपी (ढोबळपणे, कणांची अव्यवस्था) २२.० ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल. मुक्त ऊर्जेतला बदल म्हणजे एन्थाल्पीतल्या बदलातून तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल वजा; समतोलात तो शून्य असतो, म्हणून पहिल्याला दुसऱ्याने भागलं की वितळण्याचं तापमान मिळायला हवं. आहेत तसे आकडे भागले तर ०.२७३ केल्विन येतं! किलोज्यूलचे ज्यूल केले की २७३. बर्फाचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं म्हणून घोळ पकडता येतो; अनोळखी संयुग असेल तर कोण सांगणार? म्हणून प्रत्येक पायरीत आकड्याशेजारी एकक लिहा, वेळ गेला तरी चालेल. वायू स्थिरांक कुठे ८.३१४, कुठे ०.०८२१ दिसतो, तो एकच आहे. पहिल्यात ज्यूल, दुसऱ्यात लिटर-ॲटमॉस्फिअर.

लॉगॅरिदमची भीती मात्र फुकाची. सामू (pH) हे लॉगॅरिदमी माप आहे; तो दोनने उतरला की हायड्रोजन आयनांची संहती शंभरपट वाढते, एवढं अंगवळणी पडलं तरी सुरुवातीला पुरे.

असेंद्रियात थोडं पाठ करावंच लागतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पहिली तीस मूलद्रव्यं क्रमाने यायलाच हवीत. पण पुढची मजा अपवादांत आहे. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना आयनीभवन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) साधारण वाढते, तरी नायट्रोजनची १४०२ आणि ऑक्सिजनची १३१४ किलोज्यूल प्रति मोल. उत्तरपत्रिकांत यावर ‘अर्धी भरलेली ऑर्बिटल्स स्थिर असतात’ असं ठोकळेबाज वाक्य असतं. गुण मिळतात, कारण कळत नाही. ऑर्बिटल म्हणजे अणूतली इलेक्ट्रॉनाची जागा; नायट्रोजनच्या बाहेरच्या तिन्ही पी ऑर्बिटलांत एकेक इलेक्ट्रॉन आहे. ऑक्सिजनचा चौथा पी इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी जोडीला बसतो, दोघांत प्रतिकर्षण वाढतं आणि एकाला बाहेर काढणं सोपं जातं.

दोन्ही शाखा एकत्र कशा येतात ते लिथियमवर तपासा. वायू अवस्थेत त्याचा इलेक्ट्रॉन काढायला ५२० किलोज्यूल लागतात, सोडियमला ४९६. म्हणजे सोडियम अधिक सहज इलेक्ट्रॉन देतो. पण पाण्यातला प्रमाण विभव (तो जितका ऋण, तितका धातू पाण्यात सहज इलेक्ट्रॉन देतो) पाहिला तर लिथियमचा −३.०४ व्होल्ट, सोडियमचा −२.७१, इथे लिथियम वरचढ. कोडं सुटतं ते पायऱ्या मांडल्यावर: धातूतून अणू सुटा होणं, अणूतून इलेक्ट्रॉन जाणं, आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होणं. पहिल्या दोन पायऱ्या लिथियमला सोडियमपेक्षा महाग पडतात, पण त्याचा आयन इतका लहान की तिसरीत त्या जादा खर्चाची सगळी भरपाई होऊन एकूण हिशेबात तो सोडियमपेक्षा स्वस्त पडतो. हेच तीन आकडे सोडियम आणि पोटॅशियमसाठी शोधून बेरीज करा. तिथे खालचा पोटॅशियमच पुढे जातो, त्याचा विभव −२.९३ व्होल्ट.