सेव्हिलला दोन दिवसांसाठी जाताय? या चुका टाळा

दक्षिण स्पेनमधलं सेव्हिल (तिथले लोक सेविया म्हणतात) दोन-अडीच दिवसांत मनसोक्त बघून-खाऊन होतं. माद्रिदच्या आतोचा स्टेशनहून वेगवान रेल्वेने साधारण अडीच तासांचा रस्ता. तरीही आपली बरीच मंडळी तिथून अर्धपोटी आणि थकून परततात, कारण शहराचं घड्याळ वेगळं आणि आपण आपल्याच वेळा धरून बसतो.

सात वाजता जेवायला निघणं

तिथे दुपारचं जेवण दोन ते चार आणि रात्रीचं नऊच्या पुढे. मधल्या वेळात बहुतेक ठिकाणी चूल बंद. सातला भूक लागली की कॅथेड्रलजवळचं, दारात पायेयाचे (केशरी भाताचा स्पॅनिश पदार्थ) फोटो लावलेलं हॉटेल तेवढं उघडं दिसतं आणि पाय तिकडे वळतात. पायेया मुळात वालेन्सियाकडचा. सेव्हिलमध्ये त्याच्यावर भूक घालवू नका. सकाळी तोस्तादा खा, म्हणजे भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. दोनला पोटभर जेवा, सहाला कॉफी घ्या आणि साडेआठनंतर तापास, म्हणजे बारमध्ये मिळणारे छोट्या बशीतले पदार्थ, खायला बाहेर पडा.

"मांस नको" एवढंच सांगणं

शाकाहारी माणसाची सगळ्यात मोठी पंचाईत इथे होते. आईसाठी मी "सिन कार्ने" सांगून सॅलड मागवलं, तर वर टूनाचा ढीग! वाढणाऱ्याने फसवलं नव्हतं. तिकडे कार्ने म्हटलं की मासा त्यात येत नाही, आणि हॅमचे बारीक तुकडेही पुष्कळदा कुणाच्या खिजगणतीत नसतात. म्हणून एकेकाचं नाव घ्या: "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून." म्हणजे मांस, हॅम, मासा, टूना, काहीच नको. साल्मोरेखो दिसतं टोमॅटोच्या दाट सारासारखं, पण वर उकडलेलं अंडं आणि हॅम भुरभुरलेलं असतं. ते न घालता द्यायला सांगा.

आणि एस्पिनाकास कोन गार्बान्सोस चुकवू नका. पालक आणि काबुली चणे, लसूण, जिरं, लाल पाप्रिका, दाटपणासाठी तळून वाटलेला पाव. लहानशा मातीच्या वाटीत येतं, कडेला तेलाचा लालसर तवंग, आणि पहिल्याच घासाला जिरं लागतं. आईने दुसरा घास घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर आपलीच भाजी!" त्या दोन दिवसांत आम्ही ती चार वेळा खाल्ली.

तापास मागवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ग्रानादासारखा पेयाबरोबर फुकट तापा इथे मिळेल असं धरून चालू नका. आणि तापा, मेदिया रासिओन, रासिओन ही लहान, मध्यम, मोठी अशी मापं आहेत. एका ठिकाणी सगळं मागवून बसण्यापेक्षा एक-दोन तापा खाऊन पुढच्या बारमध्ये जायचं, हीच तिथली रीत. 1670 पासूनच्या एल रिंकोन्सियोसारख्या जुन्या बारमध्ये फळीशी उभं राहून खाल्लंत, तर तुमचा हिशेब समोरच्या लाकडावर खडूने मांडतात.

आल्कासारचं तिकीट तिथे जाऊन काढणं

राजवाड्याबाहेरच्या रांगेत अर्धा दिवस घालवू नका. अधिकृत संकेतस्थळावर वेळ ठरवून आधीच तिकीट घ्या आणि ओळखपत्र जवळ ठेवा. तिकिटं संपली असतील तर कासा दे पिलातोस या जुन्या वाड्याला जा. तशाच रंगीत फरशा, तशीच अंगणं, आणि गर्दी बरीच कमी. कॅथेड्रलच्या तिकिटात हिराल्दा मनोराही येतो. त्यात वर जायला पायऱ्यांऐवजी उतार आहेत (पूर्वी हा मशिदीचा मिनार होता, अजान देणाऱ्याला घोड्यावरून चढता यावं म्हणून, असं सांगतात), त्यामुळे हळूहळू गेलं तर ज्येष्ठांनाही जमतं. रविवारी मात्र सकाळी प्रार्थना असतात, पर्यटकांना दुपारीच सोडतात.

भर दुपारी फिरणं

जुलै-ऑगस्टमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो. आपल्याला उन्हाची सवय आहे म्हणून प्लासा दे एस्पान्याच्या उघड्या चौकात तीन वाजता उभे राहिलात, तर संध्याकाळ अंथरुणात जाईल. 1929 च्या प्रदर्शनासाठी बांधलेली ती अर्धवर्तुळाकार वास्तू सकाळी लवकर बघा. दुपारी तिथल्या माणसांसारखं खोलीत आडवं व्हा. मार्च ते मे आणि ऑक्टोबर हे महिने छान, पण पवित्र सप्ताह (ईस्टरच्या आधीचा आठवडा) आणि वसंतातल्या फेरिया जत्रेच्या तारखा आधी तपासा. तेव्हा खोल्यांचे भाव फार चढतात आणि मिरवणुकांनी रस्ते बंद होतात.

कॅथेड्रलजवळ कुणी बाई हातात रोझमेरीची काडी देऊ लागली तर घेऊ नका. घेतली की हात बघून भविष्य सांगते आणि पैसे मागते. "नो, ग्रासियास" म्हणून चालत राहा. रस्त्यावरच्या झाडांची संत्रीही तोडू नका, ती कडूजहर असतात. पूल ओलांडून नदीपलीकडच्या त्रियाना भागातल्या मंडईत जायचं असेल तर सकाळीच जा. रविवारी तिथले बरेच गाळे बंद असतात.